पाठ तुमची, पाय माझे

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एक किस्सा अजून चघळला जातो, आणि चघळणाऱ्यांपैकी एकानंही त्या माणसाला कधी पाहिलेलं नाही. विजापूर वेशीकडं एक म्हातारा होता म्हणे, त्यानं पेपरात जाहिरात दिली की मला अर्धा घोडा पाहिजे. मग सगळे हसतात. गणिताचे एक सर तर दर वेळी विचारतात, "पुढचा अर्धा का मागचा अर्धा?" मी डबा उचलते आणि रिकाम्या वर्गात जाऊन खाते, कारण तिथं थांबले तर माझ्या तोंडून काय निघेल याचा नेम नाही. तो म्हातारा म्हणजे चाचा, माझे घरमालक. त्यांच्या घरात मी सहा वर्षं भाड्यानं राहिले. चाचा आता नाहीत, त्यामुळं कुणी काहीही बोलावं. शिवाय त्या जाहिरातीत जो मूर्खपणा होता तो त्यांचा नव्हताच, माझा होता. हे मला स्टाफरूममध्ये सांगवत नाही, म्हणून इथं सांगते.

चाचा नालबंद. घोड्यांना नाल ठोकणारे. स्टेशनासमोर टांग्यांची रांग लागायची त्या काळात अर्ध्या रांगेचे पाय त्यांच्या हाताखालून जायचे. पुढं रिक्षा आल्या, टांगे गेले, आणि चाचा हात रिकामे घेऊन स्वतःच्या ओट्यावर येऊन बसले. मी आणि माझे मिस्टर जागा बघायला गेलो तेव्हा ते तिथंच बसले होते. नाव नाही विचारलं, जात नाही विचारली, पगार नाही विचारला. म्हणाले, "चप्पल काढा."

आम्ही काढल्या आणि आत जायला लागलो.

"आत न्हवं ओ. हातात द्या हितं."

मास्तरीण बाईनं पायातली चप्पल काढून परक्या माणसाच्या हातात द्यायची! मला इतका राग आला. पण जागा शाळेच्या जवळ होती, आणि मिस्टरांना चिंचोळी एमआयडीसीची कंपनीची बस त्याच चौकात मिळायची, म्हणून दिली. चाचांनी मिस्टरांचा बूट उलटा धरून पाहिला. "हे सायेब चालताना फोनवर बोलतात. टाच बघा, एका अंगानं झिजलीय. पर माणूस गरीब हाय." मग माझी चप्पल. ती त्यांनी बराच वेळ पाहिली. "बाई, तुमी रागानं चालता. अंगठ्याखाली भोक पडायला आलंय." मी म्हणाले, मी अजिबात रागानं चालत नाही. तर ते म्हणाले, "बघा, आता बी." आणि किल्ली दिली.

त्यांचा दुसरा त्रास म्हणजे कानस. शर्टाच्या आतल्या खिशात कायम एक बोटभर रुंद कानस असायची. चार पायांची कोणतीही वस्तू डुगडुगलेली त्यांना खपत नसे. खुर्ची हलली की तिथल्या तिथं उलटी करून लांबका पाय घासायला बसत. घरातल्या वस्तू सोडा, एकदा बँकेत रांगेत उभे असताना स्लिपा भरायचं टेबल डुगडुगतंय म्हणून खाली बसून घासायला लागले. शिपाई धावत आला. चाचा त्यालाच ओरडले, "चार पाय हायत, तर चारीवर उभं राहील का न्हाय? तुमाला चालतंय हे?" शेवटी मॅनेजरनं त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. माझ्यासमोर काढलं. घरी आल्यावर चाचींनी मलाच झापलं, की तुम्ही बरोबर असून त्यांना धरून का ठेवलं नाही. चाची म्हणायच्या, "ह्यांच्या हाताला काम नसलं की घरातल्या खुर्च्या बुटक्या होतात." ते खरं होतं. त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसलं की गुडघे हनुवटीला लागायचे.

मी एकदा सुचवलं होतं, की चाचा, घोडे गेले तर गेले, बाजारात बैल येतातच की, त्यांच्या खुरांना पत्री मारायचं काम करा. माझ्या मते ही फार व्यवहारी सूचना होती. चाचांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी काहीतरी घाण बोलले.

"बैलाला पाडावं लागतंय, बाई. दोर बांधायचा, चार माणसं बसायची अंगावर, मग पत्री मारायची. केलंय की मी, चार वर्षं केलंय. ते बी काम हाय, वाईट न्हाय. पर घोडा उभा राहतो. खांद्यावरनं हात फिरवत खाली न्यायचा आन् मागायचं, की तो पाय देतो. आपणहून देतो. ज्यानं आयुष्यभर मागून घेतलं त्यानं आता पाडून घ्यायचं व्हय?"

मी भाजी निवडत बसले.

गणपती गेले त्या आठवड्यात ते जिना चढून वर आले, हातात कोरा कागद. "बाई, तुमी मराठीच्या. लिवा." चाचा उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. मराठी फर्डं बोलायचे, पण वाचता यायचं नाही. पेपरात छोटी जाहिरात द्यायची होती. कशाची विचारलं तर म्हणाले घोड्याची. मला वाटलं विकायचाय, म्हटलं तुमच्याकडं घोडा कुठाय? "न्हाय, म्हणून तर जाहिरात!" असे ओरडले, आणि सांगायला लागले. त्यांनी सांगितलेलं मला अक्षर न् अक्षर पाठ आहे:

"एक घोडा निम्म्यात पाहिजे. पाठ तुमची, पाय माझे. निम्मा चारा मी देणार. बसणार नाही, पळवणार नाही, वरातीत नेणार नाही. महिन्यातनं एकदा चारी पाय बघणार. नाल माझी, मेहनत माझी. घोडी असली तरी चालेल."

आता तुम्हीच सांगा. वीस वर्षं मुलांना निबंध आणि जाहिरात लेखन शिकवलेली बाई मी. दहावीच्या पेपरात पाच मार्कांना जाहिरात लेखन असतं, ते मी तपासते. कुणी मुलानं 'पाठ तुमची, पाय माझे' लिहिलं असतं तर मी लाल रेघ ओढून शून्य दिलं असतं. चाचांपुढं मान डोलावली, लिहून घेतलं, आणि ते खाली गेल्यावर बसून चांगलं स्वच्छ मराठीत केलं: "अश्वप्रेमी ज्येष्ठ नागरिकास घोडा भागीदारीत हवा आहे. देखभालीचा निम्मा खर्च करण्याची तयारी. इच्छुकांनी संपर्क साधावा." वर पुन्हा स्वतःवर खूश झाले. पेपरच्या काउंटरवर नेऊन दिलं, तिथल्या माणसानं ते 'वाहने' या सदरात टाकलं, जुन्या टेम्पोच्या खाली. मी भांडले नाही. भांडायला पाहिजे होतं, पण ज्या बाईनं मजकूरच फिरवला ती सदरासाठी काय भांडणार!

फोन आले. पुष्कळ आले. चाचा फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर बसत, त्यामुळं गल्लीलाही ऐकू यायचे. टेम्पोत निम्मा भागीदार घ्यायचा का, हा पहिला. मग लग्नाआधीचे फोटो काढणारा एक जण, त्याला घोडा, तलवार आणि नवरा-नवरी एका फ्रेममध्ये पाहिजे होते. उजनीच्या पाण्याकाठचा एक केळीवाला होता, बिचारा सरळ माणूस. त्याला वाटलं हे अर्धलीचं आहे. शेळी जशी सांभाळायला देतात, वाढवायची एकानं, पिल्लं निम्मी निम्मी. तो सांगायला लागला, "पयलं शिंगरू माजं, दुसरं तुमचं. घोडी तुमच्या दारात ऱ्हाईल." चाचा म्हणाले, "दारात नको. पाय देणार का?" तो म्हणाला, "कुणाचे पाय?" आणि फोन ठेवला.

जो तो असाच ठेवायचा. चाचा विचारायचे, पाय देणार का, आणि पलीकडचा माणूस गोंधळून फोन ठेवायचा. म्हातारा भ्रमिष्ट आहे ही बातमी तिथूनच पसरली. आमच्या स्टाफरूमचा किस्साही तिथूनच आला असणार.

दिवाळी झाली तरी हेच चाललं होतं. शेवटी एक खाटेवर घोडा नाचवणारा भेटला. लग्नात हलगी वाजवतात आणि घोडा बाजेवर चढून पाय आपटतो, तसला. त्याला आणखी एक घोडा घ्यायचा होता, पैसे लावणारा माणूस हवा होता. चाचांनी त्याला विचारलं, "नाल कोण मारतो?"

"आमच्या हितला वेल्डिंगवाला."

त्यानंतर चाचा जे बोलले त्यातलं निम्मं दखनीत होतं आणि निम्मं इथं लिहिण्यासारखं नव्हतं. गल्लीतली पोरं बाहेर येऊन ऐकत उभी राहिली. आणि तसेच, धापा टाकत, ते वर माझ्याकडं आले.

"बाई, एक सांगा मला. जाहिरातीत साफ लिवलंय, पाय माझे. मग जो तो मला पाठीचंच का सांगतोय? वाचता येत न्हाय का ह्या लोकांला?"

मी खोटं बोलू शकले असते. खरं सांगते, तोंडावर आलंही होतं. पण कात्रण माझ्याच वहीत चिकटवलेलं होतं, मुलांना नमुना म्हणून दाखवायला. मी वही आणून वाचून दाखवलं.

"परत वाचा."

परत वाचलं.

"अश्वप्रेमी म्हंजे?"

"घोड्यावर प्रेम करणारा."

"कोण?"

"तुम्ही, चाचा."

"मी?" त्यांचा आवाज एकदम चढला. "मी प्रेम करतोय व्हय? ज्येष्ठ नागरिक! म्हातारा रिकामा बसलाय, त्याला घोड्याच्या मानेला मिठी मारून फोटो काढायचाय, असं वाटलं की लोकांला! बाई, मेरेकू काम होना, काम! प्रेम कुणी मागितलं तुमच्याकडं? तुमची चप्पल मी हातात घेतली, बघितली, जशी होती तशी परत दिली. सुधरून दिली का? मग माझं बोलणं तुमी का सुधरलं?"

मला त्या वेळी वाईट वाटलं म्हणाल, तर नाही. संताप आला. कोण कुठला चौथी शिकलेला माणूस, मला भाषा शिकवतो! मी पण आवाज चढवला. म्हटलं, चांगलंच केलंय मी, तुमचं छापलं असतं तर लोक हसले असते. ते म्हणाले, "हसू देत की! हसणाऱ्याकडं घोडा नसतोच." आणि जिना उतरून गेले. दोन दिवस मी आणि ते बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी चाची वर आल्या, वाटीत शेंगाची चटणी घेऊन. चटणी निमित्त होतं. बसल्या आणि म्हणाल्या, "तुमी त्यांना कपबशीत चहा नका देऊ आता. ग्लासात द्या, अर्धाच." मी विचारलं का. तर म्हणाल्या, उजवा हात कापतो. आधी थोडा कापायचा, अंगठ्यापाशी. डॉक्टरांनी पावसाळ्यातच सांगितलं होतं की हे वाढत जाणार, गोळ्यांनी फार तर सावकाश वाढेल. "म्हणून तर घोड्याची घाई लावली होती. एकदा हातानं चारी नाली नीट मारायच्यात म्हणायचे, मग कापू दे हात काय कापायचा ते. दिवाळीपर्यंत बरा होता हो हात."

चाची मला दोष द्यायला आल्या नव्हत्या. दिला असता तर बरं झालं असतं. दोन महिने! टेम्पोवाले, फोटोवाले, खाटवाले, आणि त्यात त्या माणसाच्या हाताचे दोन महिने गेले, कशासाठी, तर मला 'पाठ तुमची' हे शब्द पाच मार्कांचे वाटले नाहीत म्हणून.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून पेपरच्या काउंटरवर गेले. चाचांचा मजकूर होता तसा दिला. काउंटरवरच्या माणसानं वाचला आणि हसला. "मॅडम, ह्याला काही अर्थच लागत नाही."

"तुम्हाला लागायचा नाहीये."

"तरीपण जरा शुद्ध करून द्या की."

इथं मात्र माझा स्फोट झाला. म्हटलं, "तुम्ही रोज गोरी, सुंदर, नोकरी करणारी आणि घरकामातही हुशार मुलगी छापता, तेव्हा अर्थ बघता का? मूठभर राखेनं गेलेला नवरा परत येतो म्हणून छापता, तेव्हा बघता का? एका म्हाताऱ्यानं खरं काय ते सांगितलं तर तुम्हाला शुद्धलेखन आठवलं? एक काना इकडचा तिकडं झाला तर मी उद्या परत इथंच येऊन बसेन. आणि 'वाहने'त टाकायचं नाही!" मागं रांगेत उभी असलेली माणसं आपापल्या कागदाकडं बघायला लागली. जाहिरात आली, जशीच्या तशी, 'भागीदार पाहिजे' या सदरात.

या वेळी एकच फोन आला. चाचांनी स्पीकरवर टाकला. पलीकडचा माणूस अक्कलकोट रोडच्या बाजूचा, कानडी वळणाचं बोलणारा. कसली विचारपूस नाही, 'भ्रमिष्ट आहात का?' असंही नाही. म्हणाला, "जाहिरात वाचली री. पाय द्यायचेत. कधी आणू?"

चाचांनी फोन तोंडाजवळ ओढला. मग म्हणाले, "रविवारी आण."

तो वरातीच्या घोडीचा मालक निघाला, पन्नाशीचा, काटक माणूस. सात-आठ किलोमीटर घोडीला डांबराच्या कडेच्या मातीतून चालवत आणली होती. पांढरी घोडी, आणि खुरांना चकाकणारा लाल रंग. तो रंग बघून चाचा त्या माणसाशी अर्धा तास बोललेच नाहीत. घोडीशीच बोलले, आणि सगळं त्याला ऐकू जाईल असं बोलले. "तुला कुणी गं नटवली अशी? आत सडायला लागलंय आन् वरनं रंग? कुठल्या हार्डवेअरचे खिळे मारलेत गं तुला? फळी हायस का तू?" मालक मान खाली घालून सगळं ऐकत होता. मीच त्याला विचारलं, की तुम्हाला राग नाही येत? तो म्हणाला, "यायला कशाला, अक्का? लग्नात सगळी मानसं घोडीचं कपाळ बघत्यात, झूल बघत्यात. हिचा पाय दुखतोय हे मला एकट्यालाच म्हाईत. पेपरात पयल्यांदाच कुणीतरी पायाचं लिवलं."

त्या रविवारी चाचांनी जुन्या नाली काढल्या, खूर तासले, आणि पंधरा दिवस अनवाणी ठेवायला सांगितली. वराती सोडाव्या लागतील, म्हणाले. तो म्हणाला, सोडतो.

पंधरा दिवसांनी घोडी परत आली. चाचा सकाळपासून नवा सदरा घालून बसले होते. घोडीच्या खांद्यावरून हात फिरवत खाली नेला, गुडघ्याच्या खाली बोटं आली, आणि तिनं पाय उचलून दिला. खरंच दिला. मी हे तोवर फक्त ऐकलं होतं. पुढचा उजवा खूर त्यांनी मांड्यांमध्ये धरला आणि हातोडी उचलली. हात कापत होता. मालकानं पाहिलं, मी पाहिलं, चाची तर आतच निघून गेल्या. सहा खिळे. जिथं पूर्वी पाच मिनिटं लागत असतील तिथं अर्धा तास गेला. दोनदा खिळा वाकला, काढला, दुसरा घेतला. पण झालं. घामानं सगळा सदरा भिजला होता, आणि चाचा हसत होते.

"चालव."

मालकानं घोडीला कोपऱ्यापर्यंत नेऊन आणलं. "झकास चालतीय की, चाचा."

"परत चालव." या वेळी त्यांनी डोळे मिटले होते. घोडी आली, थांबली. चाचांचं हसू गेलेलं होतं. "दुसरा खिळा आत गेलाय. दुखतोय तिला. बोलत न्हाय, पर पाय चोरतीय."

मला काहीसुद्धा दिसलं नव्हतं. मालकालाही नाही. मी पुढं होऊन म्हणाले, "राहू द्या चाचा, छान चालतेय ती."

ते माझ्याकडं वळले. तो चेहरा मी विसरणार नाही. "बाई! परत सुधरायला लागला?"

मी बाजूला सरले. त्यांनी पक्कड घेऊन तो खिळा उपसला आणि टोक आमच्यासमोर धरलं. टोक रक्तानं ओलं होतं. मग त्या भोकात औषध भरलं, आणि हातोडी मालकापुढं धरली.

"मी न्हाय री मारली कधी."

"मला ठाव हाय. बस. तुला ती पाय देती, मला बी देती, त्यात फरक न्हाय. तू मार, मी सांगतो."

आधी त्यांनी त्याच्या मनगटावर आपला हात ठेवला, पण त्यानं त्याचाही हात हलायला लागला. तेव्हा त्यांनी हात काढून घेतला आणि पाठीमागं नेऊन डाव्या हातानं धरून ठेवला. मग नुसतं बोलत राहिले. बोलत कसले, शिव्या देत राहिले. तिरका धर, गाढवा. आवाज ऐक, आवाज बदलला का थांब. उरलेले तीन पाय व्हायला दुपार कलली.

घोडी परत चालवली. चाचांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "आता बरोबर हाय. त्या उजव्याचं भोक भरलं की त्याला बी तूच मारायचा."

मालक घोडीला पाणी दाखवायला घेऊन गेला. ओट्यावर आम्ही दोघंच उरलो. न बोलता राहणं मला कधी जमलेलं नाही. म्हटलं, "चाचा, ही दिवाळीच्या आधी आली असती तर तुमच्याच हातानं बसला असता खिळा."

मला वाटलं ते म्हणतील, जाऊ द्या हो बाई. कुणीही म्हटलं असतं.

"हौ," ते म्हणाले. "बसला असता."